बासष्ट किलोंचा माणूस

६ जानेवारी

प्रिय भोंग्या,

काल आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई आली. हातात गुलाबी पाकीट. मला वाटलं, चष्मा मोडला असेल. तर म्हणते, "अभिनंदन मॅडम! तुमच्या भावाने तुम्हाला आमच्या जिमची वर्षभराची मेंबरशिप भेट दिली आहे." भर दुकानात! तीन गिऱ्हाइकं, मालक, आणि मी काचा घासायच्या मशीनपाशी, नाकापर्यंत पांढरी भुकटी. मालक म्हणाले, "वा ताई, आता काय, उद्यापासून कपाटं तुम्हीच हलवा." सगळे फिदीफिदी हसले.

अरे, तुला काही कळतं का? मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की बाबांना पलंगावरून खुर्चीत घेताना पाठीत चमक भरली. त्यावर भाऊ काय म्हणेल? 'ताई, पंधरा दिवस येतो' म्हणेल. 'रात्रीचीही बाई ठेवू' म्हणेल. तू मला व्यायामाला घातलंस! म्हणजे ओझं तेच, फक्त हमाल दणकट करायचा. धन्य आहेस.

नऊ ते सहा बाई असते, तिचे पैसे तू पाठवतोस, ते मी कधी नाकारलं नाही. पण सकाळ माझी, संध्याकाळ माझी, रात्र माझी. त्यात हे जिम कुठे कोंबू? पैसे परत मागून घे. बाबांना चांगल्या चाकांची खुर्ची येईल त्यात.

हे पत्रात लिहितेय, कारण फोनवर बोलले असते तर बाबांनी ऐकलं असतं. दोन खोल्या, मध्ये नुसता पडदा. बोलणं अडखळतं त्यांचं, पण कान शाबूत आहेत. माझी पाठ दुखते असं कानावर पडलं की दोन दिवस पाणी कमी पितात, मला कमी वेळा उचलावं लागावं म्हणून. आणि मेसेजवर भांडायचं तर माझा अंगठा दुखतो. तेव्हा तूही पत्रच लिही, आणि दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी ताई


१४ जानेवारी

ताई,

पत्र एका लिफ्टच्या खड्ड्यात बसून वाचलं. वर केबिन टांगलेली, खाली मी, हातात तुझ्या शिव्या. कान लाल झाले.

पैसे परत मिळत नाहीत. विचारलं मी. नियम आहे म्हणे. म्हणजे आता ते तुझ्या नावाने गेलेच.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी यायला हवं होतं. पण चौदा इमारतींच्या लिफ्ट माझ्या एकट्याच्या गळ्यात आहेत, जोडीदार नोकरी सोडून गेला, आणि लेकीची परीक्षा. हे सगळं तुला पाठ झालं असेल एव्हाना. मला स्वतःलाच ऐकून कंटाळा येतो.

पण ही कल्पना मी अगदीच पळवाट म्हणून नाही काढली गं. माझ्या एका इमारतीत तळमजल्यावर जिम आहे. तिथे एक साठीच्या बाई येतात. परवा माझी अवजारांची पेटी त्यांनी एका हाताने उचलून बाजूला ठेवली, म्हणाल्या, "रस्त्यात नका ठेवू." मी बघतच राहिलो. आणि मला तू आठवलीस.

एक महिना जाऊन बघ. नाही पटलं तर मला अजून शिव्या घाल. आणि एक सांगून ठेवतो. मेंबरशिप माझ्या नंबरवर आहे, त्यामुळे तू तिथे कार्ड लावलंस की इकडे मला मेसेज येतो. दांडी मारलीस तर कळेल.

तुझा भोंग्या


३ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

गेले एकदाची तुझ्या त्या जिमला. पैसे बुडताना बघवेना, दुसरं काही नाही.

टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. जिन्यापासून रबराचा वास. आत चारी भिंतींना आरसे. एक्कावन्न वर्षांत मी स्वतःला पाठमोरी कधी बघितलं नव्हतं, आणि तेच बरं होतं. सगळ्या पोरी काळ्या घट्ट विजारी घालून, आणि मी आपली सैल पायजम्यात आणि बाबांच्या जुन्या शर्टात. एकजण पट्ट्यावर पळत होती, तासभर पळाली आणि होती तिथेच. म्हटलं, हे तर मी घरी फुकट करते.

शिकवायला एक बाई आहेत, पन्नाशीच्या, बॉयकट, पोटऱ्या माझ्या मांड्यांएवढ्या. सगळे त्यांना कोच बाई म्हणतात. त्यांनी विचारलं, "वजन किती कमी करायचंय?" मी म्हटलं, "मला बारीक नाही व्हायचं. मला माणूस उचलायचाय."

"किती किलोंचा?"

"बासष्ट."

हसल्या नाहीत गं बाई. (बघ, तुला 'गं बाई' लिहिलं, इतकी मी गडबडले होते.) म्हणाल्या, "स्वतः उठायला मदत करतो की नाही?" मी म्हटलं, "उजवी बाजू करते, डावी अर्धांगाने गेलीय." त्यांनी एक रिकामी लोखंडी दांडी जमिनीवर ठेवली. "ही वीस किलो. हिला पाठीने उचलायचं नाही. पाय फाकवा, पाठ ताठ, बूड मागे, जोर मांड्यांत." तीन दिवस मला फक्त वाकायलाच शिकवलं. इतकी वर्षं मी चुकीची वाकत होते, आणि कुणी सांगितलं नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "दं... दंड... दाखव." मी बाही वर केली. त्यांनी उजव्या हाताने चाचपून बघितलं आणि मान हलवली, म्हणजे अजून काही खरं नाही.

सकाळी सहा ते सात शेजारच्या काकू येऊन बसतात. त्यांना पेपर मोठ्याने वाचायची हौस आहे आणि बाबांना पळून जाता येत नाही. तेव्हा काळजी नको.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

कमाल केलीस! मेसेज येतात रोज. मध्ये चार दिवस गायब होतीस, सर्दी झाली होती का? बाकी रोज सकाळी सव्वासातला माझा फोन वाजतो, 'आज आपण ६२ मिनिटं व्यायाम केलात, शाब्बास!' आणि मी पांघरुणात असतो. शाब्बासकी मला, घाम तुला.

कामावर सगळ्यांना सांगून झालंय. आमचे साहेब म्हणाले, तुझ्या बहिणीला इकडे बोलाव, लिफ्टच्या मोटारी वर चढवायला माणूस नाही.

आता एक खरं सांगू? तो मेसेज आला की मला दिवसभर बरं वाटतं. त्या दिवशी बाबांना फोन नाही केला तरी चालेल, असं वाटतं. जणू मीच त्यांना उचलून खुर्चीत बसवलंय. हे काही बरं नाही, मला कळतं. पण बाबांशी फोनवर बोलणं मला जमत नाही ताई. एक शब्द काढायला ते मिनिटभर झगडतात. मला ते ऐकवत नाही, म्हणून मीच तो शब्द त्यांच्याआधी बोलून टाकतो. मग ते गप्प होतात. मग मी 'लिफ्ट अडकलीय' म्हणून ठेवतो. अर्ध्या वेळा ती अडकलेली नसते.

एप्रिलमध्ये नक्की येतो. परीक्षा संपली की लगेच. हिनेही कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

तुझा भोंग्या


१९ मार्च

प्रिय भोंग्या,

चाळीस! काल चाळीस किलो उचलले. कोच बाई म्हणाल्या, आता दोन तृतीयांश माणूस उचलता तुम्ही. मी म्हटलं, कुठला तृतीयांश सोडू, ते सांगा.

थट्टा जाऊ दे. बाबा आता खिडकीचा गज धरून उभे राहतात. मी मागे उभी, त्यांच्या कमरेला पट्टा बांधून धरलेला, आणि आकडे मोजते. परवा तीसपर्यंत गेलो. पूर्वी मला इतका वेळ धरवायचंच नाही, दहालाच माझे हात भरून यायचे आणि मी त्यांना बसवायची. म्हणजे तेव्हा ते थकत नव्हते, मी थकत होते. हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आणि तुझ्याजवळ म्हणून कबूल करते, मला तिथे आवडायला लागलंय. लाज वाटते लिहायला. त्या तासात मला कुणी हाक मारत नाही. कुणाला पाणी नको असतं, कुणाची कूस बदलायची नसते. जिना उतरताना पाय जड होतात, आणि ते काही दांडी उचलल्यामुळे नाही.

काकू मजेत आहेत. बाबाही. एप्रिलचं नक्की ना? तारीख कळव.

तुझी ताई


२३ एप्रिल

ताई,

हे काय चाललंय? मेसेज बंद. शेवटचा दोन एप्रिलचा. त्या दिवशी तर नव्वद मिनिटं होतीस, आणि मग एकदम काहीच नाही. तीन आठवडे मी वाट बघितली. फोन केला तर 'सगळं बरं आहे, दुकानात गर्दी आहे' म्हणून ठेवतेस.

तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग. पण एक लक्षात घे, ते पैसे झाडाला लागलेले नव्हते. दोन महिने रविवारची जादा कामं केली मी त्यासाठी. एवढी पन्नाशीला पोचलेली बाई चाळीस किलो उचलते, तिला सकाळी तासभर उठायला काय होतं? सगळे असंच करतात म्हणे, दोन महिने उत्साह आणि मग कार्ड पाकिटात. तू तशी असशील असं वाटलं नव्हतं.

माझं एप्रिलचं जमत नाहीये. दोन नव्या इमारती गळ्यात पडल्या. जूनमध्ये बघतो.

बाबा बरे आहेत ना? सहज विचारतोय.

तुझा भोंग्या


२९ एप्रिल

भोंग्या,

पैसे वाया गेले म्हणतोस. गेले नाहीत. ऐक आता.

काकू फेब्रुवारीच्या मध्यावरच लेकीकडे राहायला गेल्या. तुला चार दिवस मेसेज आले नाहीत, ते त्यामुळे. दुसरं कुणी मिळेना. पाचव्या दिवशी बाबाच म्हणाले, "जा. मी... आहे." आणि मी गेले. दाराला बाहेरून कुलूप लावून. बाबांना उशा लावून बसवायचं, उशाशी पाणी, उजव्या हाताला लघवीचं भांडं, गळ्यात तू पाठवलेला तो दोन बटणांचा फोन, एक बटण माझं, एक तुझं. दीड महिना काही झालं नाही. काही झालं नाही की माणसाला वाटतं, होणारच नाही. तुला लिहिलं, काकू मजेत आहेत. असतीलही, लेकीकडे.

दोन एप्रिलला मला उठायला उशीर झाला. घाईघाईत मी भांडं डाव्या हाताला ठेवलं. डाव्या! जो हात दीड वर्षात एकदा हलला नाही, त्या हाताला. ठेवताना बघितलंही नाही.

आणि त्याच दिवशी कोच बाईंनी दांडीला पन्नास लावले. मला हलवेना. दोनदा सोडून दिलं. सात वाजले होते, निघायला हवं होतं. म्हटलं, एकदाच शेवटचं. सात दहाला ती दांडी उचलली मी. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, भोंग्या. एकीने मिठी मारली. आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. मी खुळ्यासारखी हसत उभी राहिले, मग गप्पा मारल्या, मग कुणीतरी पाणी दिलं ते सावकाश प्यायले. फोन, किल्ल्या, सगळं लॉकरमध्ये. तिथला नियमच तसा आहे, आणि बाबांनाही तो माहीत आहे.

घरी पोचायला पावणेआठ झाले. बाबा जमिनीवर होते. उजव्या कुशीवर, हात छातीशी दुमडलेला, पायजमा ओला. भांड्यासाठी वळायला गेले आणि घसरले. तास होऊन गेला होता. ओरडले नव्हते. का, तर दाराला कुलूप बघून शेजारीपाजारी मला बोलतील म्हणून. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, अर्धं खुणांनी.

मी विचारलं, "फोन गळ्यात होता ना? भोंग्याला लावायचा, त्याने खालच्या वॉचमनला कळवलं असतं! का नाही लावलात?" नुसती मान हलवली. म्हणाले, "वि... विसरलो." आणि मी चिडले रे त्यांच्यावर. ओल्या कपड्यांत जमिनीवर पडलेल्या माणसावर मी ओरडले, की एवढं साधं कसं विसरता!

मग उचललं त्यांना. पाय फाकून, पाठ ताठ, जोर मांड्यांत. एका दमात. पाठीत चमक नाही, काही नाही. आणि भोंग्या, क्षणभर मला स्वतःचा अभिमान वाटला. जमलं, असं वाटलं. त्या क्षणाची मला अजून किळस येते.

उजव्या मनगटाचं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. एकच चालता हात होता, तोही गेला. आता मी भरवते. खिडकीशी उभं राहणं बंद झालंय, नुसतं धरलं तरी पाय थरथरतात. डॉक्टर म्हणाले, पायांना काही झालेलं नाही, भीती बसलीय.

तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाला असतास, 'असू दे ताई, होतं असं.' किंवा म्हणाला नसतास. मला दोन्हीची भीती वाटत होती. दिवसाच्या बाईलाही खोटं सांगितलं, की मी घरात असतानाच बाबा पडले.

कार्ड पाकिटात नाहीये. कपाटात सगळ्यात खाली, चादरींखाली ठेवलंय. मला ते दिसायला नको आहे.

ताई


४ मे

ताई,

दोन दिवस झाले पत्र येऊन. तीनदा लिहायला बसलो आणि फाडलं. आता जे येईल ते लिहितो.

बाबा विसरले नव्हते.

दोन एप्रिलला सकाळी सहा चौतीसला मला त्यांचा फोन आला होता. मी दाढी करत होतो. जागा होतो, घरात होतो, कुठलीही लिफ्ट अडकली नव्हती. आरशाखालच्या फळीवर फोन वाजत होता, वर 'बाबा' असं नाव. मी मनात म्हटलं, सकाळी सकाळी नको. अर्धा तास जाईल आणि दिवसभर डोक्यात राहील. फोन उलटा ठेवला. सहा एक्केचाळीसला पुन्हा वाजला. तोही थांबेपर्यंत वाजू दिला. गाल धुतले. मग साडेसातनंतर तुझ्या जिमचा मेसेज आला, नव्वद मिनिटं, शाब्बास. मला वाटलं, चला, सगळं ठीक आहे तिकडे.

त्या दोन फोनबद्दल मी कुणालाच विचारलं नाही. उलट फोनही केला नाही. बाबा कधीच लागोपाठ दोनदा लावत नाहीत, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. तीन आठवड्यांनी पत्रात 'सहज विचारतोय' एवढं लिहिलं, आणि तुला पैशांवरून झापलं.

तू त्यांच्यावर ओरडलीस ना, ते माझ्या वाट्याचं ओरडणं होतं. त्यांनी ते खाल्लं आणि माझं नाव घेतलं नाही. तुझं पत्र वाचताना 'विसरलो' या शब्दाशी आलो आणि पुढचं दिसेना. ही विचारत होती, काय झालं, मी म्हटलं, डोळ्यांत वंगण गेलं.

लिफ्टमध्ये माणूस अडकला की आत एक घंटेचं बटण असतं. ते दाबलं की इकडे आमचा फोन वाजतो. वीस मिनिटांत पोचायचं असा नियम आहे. एकोणीस वर्षांत मी एकही घंटा चुकवलेली नाही. त्याबद्दल कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलंय. अनोळखी माणसांसाठी मी जेवणावरून उठून पळालोय, ताई.

साहेबांना काल सांगितलं, दीड महिना रजा पाहिजे, बिनपगारी असली तरी चालेल. ते म्हणाले, जागा राहील याची खात्री देत नाही. म्हटलं, नका देऊ. वीस मेला सकाळी पोचतो. पुढचं काय ते समोरासमोर बसून ठरवू. बाबांना माझ्याकडे आणायचं, की मी तिकडे काम बघायचं, तू सांगशील ते. तू भांडं डावीकडे ठेवलंस ती घाई होती. मी केलं ती घाई नव्हती.

बाबांना हे सांगायचं की नाही, ते तूच ठरव. मला त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत नाही, पण येतोय.

भोंग्या


१० मे

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र मशीनपाशी उभ्यानेच वाचलं. एक काच हातातून निसटली, गिऱ्हाइकाचीच, नव्याने करून द्यावी लागली. दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. भाकऱ्या थापाव्यात तसे शब्द थापत होते. काय काय म्हणाले ते आता लिहीत नाही, समोर आलास की त्यातलं थोडं ऐकशील.

मग राग उतरला, आणि वाटलं, मी कुठल्या तोंडाने बोलतेय. त्या तासात तू गाल धुवत होतास आणि मी टाळ्या घेत होते.

वीसला ये. बाबांचं प्लास्टर तोवर निघालेलं असेल. आल्यावर दोन दिवस मी तुला उचलायचं कसं ते शिकवीन, नाहीतर तुझीही पाठ धरेल आणि मग दोघांना कोण उचलणार. तिसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी जाणार आहे. कोच बाई काल स्वतः दुकानात आल्या होत्या, चष्म्याचा नंबर काढायचा बहाणा करून. त्यांना सगळं सांगितलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "जागा धरून ठेवते." मला परत जायचंय. पाठीसाठी नाही, मला तिथे जावंसं वाटतं म्हणून. हे म्हणायला मला लाज वाटते अजून, पण म्हणतेय.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. पण काल त्यांना भरवताना विचारलं, "बाबा, त्या दिवशी भोंग्याला फोन लावला होतात ना?" त्यांनी तोंड मिटून घेतलं. मान हलवली, नाही. मी म्हटलं, "त्यानेच लिहिलंय मला. दोनदा लावला होतात." तेव्हा डोळे मिटले. मी घास ताटात ठेवला.

मी म्हटलं, "तो फार रडतोय हो. त्याला वाटतंय, तुम्ही मदतीला हाका मारत होतात आणि त्याने उचलला नाही." तर त्यांनी जोरात मान हलवली. काहीतरी सांगायचं होतं. मी थांबले. खूप वेळ लागला, ताटातलं सगळं गार झालं. तुकडे तुकडे जे आलं ते असं, की मदतीसाठी लावलाच नव्हता. तू इतक्या लांब, तू काय करणार होतास. आणि वॉचमनला सांगून लोक जमवायचे नव्हते त्यांना. पडलोच होतो, ताई सातला येणारच होती. तोवर म्हटलं, तुझ्याशी बोलत पडू.

मी विचारलं, "काय बोलणार होतात?" तर म्हणाले, "का... काही नाही. असंच."

हे तुला लिहावं की नाही, याचा रात्रभर विचार केला. तू येईपर्यंत दाबून ठेवणार होते. पण एकटीने मनात ठेवायला मला जमेना.

तुझी ताई